इतर खर्च : एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या नळाचं प्रकरण

२२ जानेवारी २०२३, रविवार. प्रजासत्ताक दिन चार दिवसांवर आलेला, म्हणून उपासनेच्या छापील पत्रकात दरवर्षीप्रमाणे ‘देशासाठी प्रार्थना’ हा भाग होता. विषय पाच, त्यांतला पहिला : देशातला भ्रष्टाचार आणि नैतिक अधःपतन. पाळकसाहेबांनी बायबलातल्या २ इतिहास ७:१४ या वचनावर संदेश दिला. तरुण संघाने गीत म्हटलं, सगळे उभे राहिले, दोघातिघांचे डोळे पाणावले. साडेअकराला आशीर्वाद झाला आणि पावणेबाराला वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या कामकाजाच्या खोलीत, मंडळीचा कारभार पाहणारी पास्टरेट कमिटी बसली. तिसरा विषय असा, की नव्या नळजोडणीसाठी प्लंबर ‘वरचे’ पस्तीस हजार मागतोय, ते कुठून द्यायचे.

द्यायचे की नाही, हा विषय नव्हताच. मी त्या कमिटीचा चिटणीस. मिनिट बुकात ते वाक्य माझ्याच अक्षरात आहे, आणि लिहिताना माझा हात जराही अडखळला नव्हता.

हे प्रकरण इतर मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या सभासद-समूहांच्या, कामी यावं म्हणून लिहितोय. मंडळीचं आणि माणसांचं नाव देत नाही.

जागा आणि गरज

मंडळी मध्य मुंबईतली, मराठी. आमचे आजे-पणजे नगर, जालना, सोलापूरकडून गिरण्यांत कामाला आले, येताना ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक आणि पवित्र शास्त्र घेऊन आले. १९८२ च्या संपानंतर बरीच घरं बदलापूर, विरार, खारघरकडे सरकली. आता निम्मी मंडळी रविवारी लोकलने येते आणि मेगाब्लॉक असला की पहिलं गीत रिकाम्या बाकांसमोर होतं.

कंपाउंडात चर्च, पाळकसाहेबांचं घर आणि एक पत्र्याची लांब शेड. शेडमध्ये सकाळी बालवाडी, संध्याकाळी दहावीच्या मुलांची अभ्यासिका. मुलं आजूबाजूच्या चाळींतली, बहुतेक ख्रिस्ती नाहीत. रात्री दहापर्यंत बसतात, कारण घरी दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं आणि एक टीव्ही. या सगळ्या कंपाउंडाला एकच जुना नळ, त्याला पहाटे दोन तास पाणी. शेडच्या दाराशी निळं पिंप आहे. त्याच्या वरच्या भिंतीवर मत्तय १०:४२ मधलं, लहानांपैकी एकाला थंड पाण्याचा प्याला देण्याबद्दलचं वचन कुणीतरी फार वर्षांपूर्वी सुबक अक्षरात रंगवलंय. पिंप दुपारी दोनला रिकामं होतं. मुलींनी संध्याकाळी स्वच्छतागृह वापरायचंच नाही असा न बोललेला नियम होता. म्हणून नवी, मोठ्या व्यासाची जोडणी हवी होती.

मुंबईत नळजोडणीचा अर्ज लायसन्सवाल्या प्लंबरमार्फत जातो. कागद तोच लावतो, नकाशा तोच काढतो, खेपा तोच घालतो. आमचा प्लंबर आमच्यातलाच, मंडळीचा सभासद. त्या रविवारी तो चौथ्या बाकावर बसून भ्रष्टाचाराच्या प्रार्थनेला आमच्याबरोबर ‘आमेन’ म्हणाला होता.

“अंकल, याचं व्हाउचर?”

विषय सुरळीत मंजूर झाला असता. अडवला तो तरुण संघाच्या प्रतिनिधीने. सीएची आर्टिकलशिप करणारी मुलगी, वय बावीस. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून आमच्या हिशेबांचं दरवर्षी ऑडिट होतं, आणि त्यासाठी जुनी व्हाउचरं लावायचं काम तिच्याकडे दिलेलं. तिने खजिनदारांना विचारलं, “अंकल, याआधी असे पैसे दिले तेव्हा कुठल्या खात्यात टाकले?”

खजिनदार रेल्वेतून निवृत्त झालेले, पैशाला चोख. रविवारच्या अर्पणाची नाणीसुद्धा तीनदा मोजणारे. ते म्हणाले, “इतर खर्च.”

“आणि व्हाउचर?”

व्हाउचरं होती. २०१७ चं सहा हजारांचं, २०१९ चं बारा हजारांचं, २०२१ चं नऊ हजारांचं. तिन्हींवर प्लंबरची सही, तिन्हींवर एकच शब्द : मजुरी.

“पण मजुरीचं बिल वेगळं लागलंय. मग ही कसली मजुरी?”

कुणी बोललं नाही. मग खजिनदार म्हणाले ते वाक्य मला आजही खोटं वाटत नाही. “बाळ, आपण देत नाही, आपल्याकडून घेतात.” शेजारी बसलेल्या एका वडीलबंधूंनी त्यात भर घातली, की मुंबईत वजन ठेवल्याशिवाय फाईल हलत नाही, आणि इथे आपण बंगला बांधत नाही आहोत, मुलांना पाणी देतोय.

त्यावर बोलल्या त्या महिला मंडळाच्या एक बाई. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून, नंतर हेडक्लार्क. त्या सहसा बोलत नाहीत. “दर पंधरा ऑगस्टला आणि दर सव्वीस जानेवारीला तुम्ही भ्रष्ट अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करता तेव्हा मी तिसऱ्या बाकावर बसलेली असते. कुणाच्या मनात येतं का, की ही बाई काय ऐकत असेल? बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले, शिपाई आले. त्याने नोकरी सोडा म्हटलं नाही. नेमून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच म्हटलं. मी तेवढंच केलं एकतीस वर्षं. पाकीट पुढे करणारे मात्र सगळ्या धर्मांचे असायचे, गळ्यात क्रॉस घालणारेही.”

बैठक तिथेच तहकूब झाली. मिनिट बुकात मी ‘विषय क्र. ३ पुढील बैठकीत’ असं लिहिलं. तो बाईंच्या बोलण्याचा सारांश खासच नव्हे.

कायदा काय म्हणतो

मंडळीतल्या एका वकिलांना विचारलं. त्यांनी सांगितलेलं ऐकून खजिनदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम १९८८ चा. २०१८ च्या दुरुस्तीने त्यात लाच देणं हा थेट, स्वतंत्र गुन्हा झाला : सात वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. जबरदस्तीमुळे द्यावी लागली तर सूट आहे, पण दिल्यापासून सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच. पूर्वी लाच दिल्याचा जबाब देणाऱ्याला त्या जबाबापुरतं संरक्षण देणारं कलम २४ होतं, तेही या दुरुस्तीत गेलं. आणि अधिकाऱ्यावर वजन टाकून काम करून देतो म्हणून पैसे घेणारा मध्यस्थही कायद्याच्या कक्षेत आहे.

म्हणजे ‘आपल्याकडून घेतात’ या वाक्याची मुदत सात दिवसांची. आमची सहा वर्षं झाली होती.

तरुण संघाचं म्हणणं पडलं, १०६४ ला फोन लावू, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार करू. वकिलांनी सापळ्याची रीत समजावली. आधी मागणीची पडताळणी, तीही पंचांसमोर. मग नोटांना पावडर, आणि घेणाऱ्याची बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी. पाळकसाहेबांना हे ऐकवेना. “मी एखाद्या माणसाच्या हातात पैसे ठेवून त्याला पकडून द्यायचं?” त्यांच्या या संकोचाला काहींनी भित्रेपणा म्हटलं. मला तसं वाटत नाही. पण तो पूर्णपणे निर्मळ होता असंही वाटत नाही. पकडून द्यायला कचरणारा माणूस गुपचूप देऊन टाकायला कचरत नव्हता, आणि ते त्यांनीच नंतर कबूल केलं.

एवढ्यात वकिलांनी सहज विचारलं, “मागणी केली कोणी?”

“साहेबांनी.”

“कुठल्या? तुमच्यापैकी कुणाकडे?”

उत्तर नव्हतं. सहा वर्षांत आमच्यापैकी एकाही माणसाने पालिकेच्या त्या कचेरीची पायरी चढलेली नव्हती. आम्हाला साहेब माहीत होता तो प्लंबरच्या तोंडून. आमच्या प्रार्थनेतला भ्रष्ट अधिकारी हा असाच, कुणीही न पाहिलेला माणूस होता.

कचेरीत

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि त्या निवृत्त बाई गेलो. बाईंनी येताना अर्जाचा क्रमांक, मालमत्ता कराचं बिल आणि स्वतःच्या हाताने लिहिलेला चौकशीचा अर्ज आणला होता, दोन प्रतींत, पोच घेण्यासाठी. कारकुनाची खरी भाषा कागदाची असते, असं त्या जिन्यात म्हणाल्या.

टेबलावरच्या बाईंनी नोंदवही उघडली. आमच्या अर्जात दोन त्रुटी होत्या : पाण्याची रोजची गरज किती याचा हिशेब जोडलेला नव्हता, आणि नकाशात जुन्या नळाची जागा दाखवलेली नव्हती. त्रुटींचं पत्र तीन आठवड्यांपूर्वीच प्लंबरच्या हाती दिल्याची सही होती. कुणी पैशांचा विषय काढला नाही. आम्हाला वाटत होतं आता काढतील, मग काढतील. वाट बघणारे आम्हीच होतो, हे घरी परतताना भायखळ्याला गाडी थांबली तेव्हा लक्षात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

मग आधीचे सत्तावीस हजार गेले कुठे? प्लंबरने ठेवले, की कुणापर्यंत पोचवले, की थोडे इकडे थोडे तिकडे? आम्हाला आजही कळलेलं नाही. दोन त्रुटी पुऱ्या करायला बाईंना आणि त्या सीए मुलीला दोन संध्याकाळी लागल्या. त्या खेपा कधी घालायच्या नव्हत्या म्हणून आम्ही पैसे मोजत होतो. लाच या शब्दाच्या बऱ्याच छटा असतात, त्यांतली ही आळसाची छटा आमच्या संदेशांत कधी आली नव्हती.

वचन पुन्हा वाचताना

पाळकसाहेबांनी त्यानंतरच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत २ इतिहास ७ पुन्हा काढलं. या वेळी तेरावं वचनही वाचलं. शलमोनाने मंदिराचं समर्पण केलंय, आणि देव रात्री त्याला सांगतोय : मी आकाश बंद केलं आणि पाऊस पडला नाही, टोळांनी देश खाल्ला, मरी आली. त्यापुढे चौदावं. माझं नाव ज्यांना दिलेलं आहे ते माझे लोक नम्र झाले, प्रार्थना केली, आपल्या वाईट मार्गापासून वळले, तर मी ऐकेन आणि त्यांचा देश बरा करीन. देश बरा होण्याची अट राजदरबाराला किंवा शेजारच्या राष्ट्रांना घातलेली नाही, मंदिरात बसलेल्यांना घातली आहे. आम्ही ते वचन इतकी वर्षं खिडकीबाहेर तोंड करून वाचत होतो.

ख्रिस्ती विश्वास हे देशाच्या नैतिक दुखण्यावरचं औषध, असं आमच्यात सर्रास बोललं जातं. त्यामागे बहुधा हिशेब असा असतो, की सगळे विश्वासात आले की देश सुधारेल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती एक टक्क्याहून कमी होते, आणि ज्या देशांत बहुसंख्य ख्रिस्ती आहेत तिथे लाच नाहीशी झालेली नाही. संख्येचा हा हिशेब मला कधीच पटला नाही. ‘तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा’ हा येशूचा मिठाचा दाखला इथे द्यायचा मोह होतो, पण तो आमच्याकडे इतका चघळला गेलाय की त्याचीच चव गेली आहे.

मराठी ख्रिस्ती माणसांनी देशाची चिंता वेगळ्या रीतीने केल्याचं उदाहरण याच शहरात आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, तेव्हा विद्यार्थिनी होत्या दोन. रमाबाई समाजावर टीका करायला कमी करत नसत, तिखट लिहीत. पण बालविधवांच्या दुःखावर भाषण देऊन त्या थांबल्या नाहीत, त्या दुःखाला त्यांनी राहायला पत्ता दिला. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला गेलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईतच झाला. देशभक्ती आणि ख्रिस्तभक्ती त्यांना वेगळी करता आली नाही. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती, आणि मिशनच्या चौकटीत वाढलेल्या अनेकांना ते रुचलं नाही. दोघांनाही किंमत मोजावी लागली ती आपल्याच माणसांच्या रोषाची. आमच्या कमिटीची तुलना त्यांच्याशी कुणी करू नये, आम्ही नळासाठी भांडत होतो. पण किंमत कुणी मोजायची, हा प्रश्न तोच होता.

वार्षिक सभा

पुनरुत्थान सणानंतर (ईस्टरनंतर) दोन आठवड्यांनी, २३ एप्रिलला, वार्षिक सभा झाली. त्याआधी कमिटीत तीन बैठका निव्वळ एका परिच्छेदावर गेल्या. वकिलांचा सल्ला होता, की माहीत आहे तेवढंच वाचा, ‘लाच’ हा शब्दसुद्धा ज्याच्याबद्दल पुरावा नाही त्याच्या माथी मारू नका. वाचलं गेलं ते असं : तीन व्हाउचरांवर मजुरी असं लिहिलं आहे, ते पैसे मजुरीचे नव्हते. परवानगी सोपी व्हावी म्हणून आम्ही ते मध्यस्थाला दिले, आणि पुढे कुठे गेले ते विचारलं नाही. सह्या आमच्या आहेत.

मग परतफेडीचा प्रश्न. एकाने जक्कयाचं, शुभवर्तमानातल्या पश्चात्ताप केलेल्या जकातदाराचं, नाव काढलं : ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. सत्तावीस हजारांचे चौपट म्हणजे एक लाख आठ हजार. खजिनदार तिथल्या तिथे म्हणाले, “जक्कय श्रीमंत होता, लूकने तसं स्पष्ट लिहिलंय.” त्या दिवसातलं तेवढंच हसू. शेवटी लेवीय ६:५ धरलं, मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा : बत्तीस हजार चारशे. पैसे मंडळीच्या अर्पणातून गेले होते, म्हणून मंडळीलाच परत. व्हाउचरांवर सह्या करणाऱ्या आम्ही चौघांनी खिशातून भरले. खजिनदारांनी आपला हिस्सा पेन्शनच्या खात्याच्या चेकने दिला आणि त्याची पावती स्वतःच फाडली.

सगळ्यांना हे आवडलं असं मुळीच नाही. घाटकोपरहून येणारे एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, “आधीच लोक आपल्याकडे कुठल्या नजरेने बघतात. त्यात हे आपण होऊन कुणाच्या हातात कशाला द्यायचं?” त्यांची भीती पोकळ नाही. चर्चबाहेर उभ्या असलेल्या दोन अनोळखी माणसांकडे हल्ली आपणही दोनदा बघतो. पण त्यांना उत्तर देणाऱ्या बाई म्हणाल्या, की हातात द्यायला वही आहे हेच बरं, नाहीतर नुसतं पत्रक असतं. पुढचे दोन महिने अर्पण घटलं. कारण हे, की जूनची शाळेची फी, सांगता येत नाही.

नळ आणि माणूस

जोडणी मंजूर झाली मे महिन्यात. पण पावसाळ्यात रस्ता खोदायची परवानगी सहसा मिळत नाही, त्यामुळे काम दिवाळीनंतर झालं. मधल्या काळात टँकर मागवावे लागले. त्यांचा खर्च प्लंबरने मागितलेल्या पस्तीस हजारांपेक्षा जास्त झाला, हे इथे लिहायलाच हवं, कारण प्रामाणिकपणा स्वस्त पडतो असं सांगणाऱ्या साक्षी आमच्याकडे फार होतात. खर्च ‘टँकर’ याच नावाने लागला. पिंप आता दुपारीही भरलेलं असतं.

आमची खरी चूक मात्र पुढे आहे. मत्तय १८ मध्ये क्रम दिलेला आहे : भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांग, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने, मग मंडळीला सांग. आम्ही तो उलटा केला. कचेरीतून परतल्याच्या रात्री कुणीतरी व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘प्लंबरने फसवलं’ एवढं टाकलं. सकाळपर्यंत ते विरारपर्यंत पोचलं. वार्षिक सभेत नाव घेतलं नाही, पण चौथ्या बाकावरची रिकामी जागा सगळ्यांना दिसत होती. पाळकसाहेब त्यानंतर त्याच्या घरी गेले, एकटेच. वहिनींनी चहा दिला. तो आतल्या खोलीत होता, बाहेर आला नाही. पाळकसाहेब अर्धा तास बसले, प्रार्थना केली आणि परत आले. कमिटीतले बाकी कुणी गेलं नाही. मीही नाही. त्याने केलं ते चुकीचं, हे खरं. पण सहा वर्षं त्याच्या हातात पैसे ठेवून, ‘बघ बाबा, सांभाळून घे’ असं म्हणणारे आम्हीच होतो. आणि तीन व्हाउचरांवर ‘मजुरी’ हा शब्द कुणी सुचवला होता, ते खजिनदारांनाही आठवतं आणि मलाही.

गेल्या वर्षी नवी मुंबईतल्या एका मंडळीकडून पत्र आलं. तो आता तिथे जातो, सभासदत्व तिकडे घ्यायचं म्हणून बदलीचा दाखला हवा आहे. आमचा दाखल्याचा छापील नमुना जुना आहे, त्यात एकच वाक्य : सदर व्यक्ती या मंडळीची चांगल्या चालीची सभासद असून तिच्याविषयी आमची काही तक्रार नाही. खाली पाळक आणि चिटणीस यांच्या सह्यांची जागा.

पाळकसाहेबांची सही झाली आहे. कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि पुढच्या रविवारी त्याच्या घरी जाऊन यायचं मी बाईंना कबूल केलंय.